अकरा बटणांचा खादाड

आउग्सबुर्ग, १८ सप्टेंबर १६३६

टोबियास भावोजी,

नऊ दिवस झाले तुमच्या सख्ख्या थोरल्या भावाला बुरुजात टाकून, आणि तुमच्याकडून एक ओळ नाही! निरोप पोचलाच नाही असं सांगू नका. ज्या गाडीवाल्याबरोबर धाडला तो परत आला आणि म्हणाला, टोबियास मालक फार हळहळले. हळहळून बुरुजाचं कुलूप उघडतं का? उघडत असेल तर आणखी हळहळा, मी इथं दाराशी उभी राहते.

काय झालं ते नीट लिहिते, म्हणजे मागाहून माहीत नव्हतं म्हणायला जागा नको. आम्ही दुपारी जेवायला बसलो होतो, जवाची पेज होती. सहा शिपाई आत आले. छापायचं यंत्र लाथेनं पाडलं, पेजेचं भांडं पाडलं, आणि ह्यांना चमच्यासकट उचललं. हुकूम कर्नल राप्पाखचा. तुम्ही त्याला पाहिलं नाही, बरंच आहे. तलवारीच्या वारानं नाक मधोमध दुभंगलेलं, आणि पोट असं की घोडा बदलावा लागतो. सहा महिने आमच्या मानेवर बसलाय. नदीकाठच्या गावांतल्या गाई खाल्ल्या, बियाणं खाल्लं, चर्चच्या घंटा वितळवल्या. आम्ही मागच्या वर्षीच्या वेढ्यात चामडं उकळून जगलो आणि हा आता आमच्यावर चरतो.

तर कुणीतरी त्याचं चित्र काढलंय. छापील कागद. म्हणे तो खुर्चीवर बसून गावंच्या गावं गिळतोय. त्याचेच शिपाई दारूच्या गुत्त्यात ते बघून लोळलोळ हसत होते, तेव्हा त्याला कळलं. आणि त्या कागदाच्या कोपऱ्यात नाव आहे: जेरेमियास क्रेम्प यानं कोरलं, आउग्सबुर्ग.

भावोजी, ह्यांनी ते कोरलेलं नाही. मी यंत्र फिरवते, मी शाई लावते, मी रंग भरते. वीस वर्षांत या घरातून माझ्या हाताखालून न जाता एक कागद बाहेर पडलेला नाही. आणि असलं चित्र काढून खाली स्वतःचं नाव गावासकट घालायला हे काय वेडे आहेत?

शिक्षा ठरली आहे. सेंट मार्टिनच्या दिवशी, अकरा नोव्हेंबरला, बाजारात उजवा हात तोडायचा. तोवर राप्पाख मोहिमेवर जातोय, त्या सणाचा भाजलेला हंस खायला परत येणार, आणि जेवणाआधी त्याला ही करमणूक हवी. पलटणीचा न्यायाधीश म्हणून एक वाळकुडा माणूस आहे, त्याच्या पायाशी मी गेले. तो म्हणाला, "बाई, कागद काही सांगत नाही. कागद हजार असतात. ज्या तांब्याच्या पत्र्यावरून छापलं तो पत्रा आणा, आणि तो मी कोरला अशी कोरणाऱ्याची शपथ आणा. मग कर्नलला माझ्यापुढे गप्प बसावं लागेल." मी म्हटलं, तो कागद तरी बघू द्या. त्यानं लांबून फडकावला आणि पेटीत ठेवला. मला नुसतं पांढरं-काळं दिसलं.

कोरणाऱ्याचा उजवा हात म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. तुम्हीही त्याच टेबलाशी बसून शिकलात, जसं शिकलात तसं. तुमचं ते पहिलं लग्नाचं चित्र आठवतं? नवरानवरीनं एकमेकांना डावे हात दिले होते, आणि पाद्री डाव्या हातानं आशीर्वाद देत होता. मामंजी पोट धरून म्हणाले होते, "अरे टोब्या, छापलं की सगळं उलटं पडतं! आरसा ठेव समोर, आणि आरशात बघून कोर!" तुम्ही म्हणालात, आरशानं वेळ जातो. तुमच्या भावाला आरशाशिवाय एक रेघ ओढलेली मी पाहिली नाही. सावकाश, सावकाश. लग्नापासून मी त्यांना गोगलगाय म्हणत आले. आताही बुरुजात शांत बसलेत, मला म्हणतात, चिडू नकोस. ते न चिडणारे आहेत म्हणूनच मला दोघांपुरतं चिडावं लागतं.

तर तुम्ही एवढं करा. तो कागद तुमच्या न्यूर्नबर्गाकडूनच येतो असं सगळे म्हणतात. दुकानं तुमच्या ओळखीची, फेरीवाले तुमच्या ओळखीचे. विचारा, कुणी कोरलं. मला नाव द्या. पुढचं मी बघते. त्याची कातडी मी आमच्या शाईच्या गादीवर ताणून बसवीन.

सिबिला

•

न्यूर्नबर्ग, १३ सप्टेंबर १६३६

पूज्य सिबिला वहिनींना टोबियासचा सप्रेम प्रणाम.

आपलं अठरा तारखेचं पत्र मला बारा तारखेला मिळालं. आपल्या शहरानं नवं कॅलेंडर धरलं, आम्ही जुनं सोडलं नाही, त्यामुळे आपण सदैव आमच्याहून दहा दिवस पुढे असता. दुःखातही या गोष्टीचं क्षणभर हसू आलं, क्षमा असावी.

दादांची वार्ता वाचून अन्न गोड लागेना. रेजिना तर दोन दिवस रडते आहे. मी चार दुकानांत सहज म्हणून चौकशी केली. वहिनी, हे दिवस असे आहेत की सहज चौकशी करणाराही संशयात सापडतो. तरी जे ऐकलं ते कळवतो. चित्र कुणी कोरलं हे कुणालाच ठाऊक नाही. परंतु चित्राखाली ज्या कविता आहेत, त्या आपल्याकडच्या, श्वाबियातल्या बोलीच्या वळणाच्या आहेत, असं जाणकार म्हणतात. चित्र हे शरीर, कविता हा त्याचा जीव. ज्यानं कविता दिली त्यानंच चित्र करवून घेतलं असणार. आपल्या गल्लीत मेल्खियोर मास्तर राहतात ना? लग्नाकार्याला कविता पाडून देतात? दादांचं नाव, गाव, त्यांच्या हाताचं वळण त्यांना ठाऊक आहे. मी कुणावर आरोप करत नाही. फक्त सुचवतो.

आणखी एक. शिपाई घरात पुन्हा शिरले तर तांबं दिसेल ते तोफांसाठी नेतील. दादांचे जुने पत्रे माझ्याकडे धाडून द्या, मी जिवापाड जपेन. विशेषतः तो कार्निव्हलचा खादाड, अकरा बटणांचा. त्यात दादांचं तरुणपण आहे. तो आधी धाडा.

धीर धरा. आरडाओरडा करू नका. न्याय वरच्याच्या हाती आहे.

आपला धाकटा दीर,
टोबियास

•

आउग्सबुर्ग, ५ ऑक्टोबर १६३६

भावोजी,

नाव दिलंत, उपकार झाले. वरच्याच्या हाती कशाला ठेवायचं, माझ्या हाती काय मेहंदी लागलीय?

मेल्खियोर मास्तर! रोज सकाळी दारावरून जाताना टोपी काढणारा! आमच्या लग्नाची कविता त्यानंच केली होती, बेचाळीस ओळी, वाचेपर्यंत सूप गार झालं. तुमचं पत्र आलं त्याच दिवशी मी पेअरच्या लाकडाचा ठोकळा घेतला आणि गाढव कोरलं. ह्यांची हत्यारं वीस वर्षं मी पाजवते, ह्यांच्या ढगांचे आणि जमिनीचे आडवे फराटे अर्धे माझेच असतात. गाढव काही अवघड नाही. मास्तरचा तो लांब कोट घातला, नाकावर चश्मा दिला, एका खुरात छडी, दुसऱ्या खुरात एक तुटलेला हात. दीडशे छापले. त्याच्या दारावर, विहिरीवर, बेकरीवर, चर्चच्या दरवाजावर चिकटवले. कविता घातली नाही. लोकांना चित्र कळतं.

चौथ्या दिवशी त्याच्या शाळेत एकोणीसातली तीन पोरं उरली. बेकरीवाली त्याला कालचा पाव देते आणि आजची किंमत लावते. रविवारी चर्चमध्ये त्याच्या बाकावर कुणी बसलं नाही. मी समोरच्या बाकावरून मान वळवून वळवून बघत होते. प्रवचन काय होतं ते सांगता येणार नाही, पण मला फार बरं वाटलं.

परवा तो दाराशी आला. "सिबिलाबाई, माझं एक ऐका." मी वरच्या खिडकीतून भांड्यांचं पाणी ओतलं. म्हटलं, "ऐकलं!"

ह्यांना बुरुजात जाऊन सांगितलं तर चिडले हो! वीस वर्षांत पहिल्यांदा. म्हणे, "मेल्खियोर? तो उंदराच्या सापळ्यातला उंदीर सोडून देतो. सिबिला, तू कुणाच्या सांगण्यावरून हे केलंस?" मी म्हटलं, तुमच्या भावाच्या. हे आपल्या उजव्या हाताकडे बघत बसले. बोटं सुजली आहेत थंडीनं.

पण मास्तर कबूल करत नाही, आणि मला पत्रा हवा. कविता करणारा पत्रा कुठे ठेवेल? तुम्ही स्वतः या. भावाचा जामीन म्हणून न्यायाधीशापुढे उभे राहा, दोघं मिळून मास्तरला बोलतं करू. राप्पाख यायला पाच आठवडे आहेत.

खादाडाचा पत्रा मी धाडत नाही. तो कोबीच्या पिंपात आहे, कोबी दाबायला ठेवलाय, त्याच्याइतकं बरोबर वजन दुसऱ्या कशाचं नाही. शिपाई पिंपाचा वास घेऊनच मागे फिरतात. निर्धास्त असा.

सिबिला

•

न्यूर्नबर्ग, १ ऑक्टोबर १६३६

पूज्य वहिनी,

आपलं धैर्य पाहून थक्क झालो. मास्तरांना जे मिळालं ते योग्यच मिळालं.

येण्याची इच्छा किती आहे हे देव जाणतो. पण रस्त्यावर लुटारू, मधल्या दोन गावांत साथ, माझा पाय सुजलेला, आणि रेजिनाला सातवा महिना. अशा स्थितीत मी आलो आणि माझंच काही झालं, तर दादांना काय उपयोग?

एक मार्ग सुचतो. मास्तर कबूल करोत न करोत, आपण न्यायाधीशांकडे लेखी तक्रार द्या की हे काम मेल्खियोरचं. कर्नलना एक हात हवा आहे. कुणाचा, याबद्दल ते फार चिकित्सा करतील असं वाटत नाही. मास्तर शिकवतात तोंडानं. त्यांचं फारसं अडणार नाही. दादांचं मात्र सगळं आयुष्य त्या हातात आहे.

आणि वहिनी, कोबीच्या पिंपात! आंबट पाण्यानं तांबं खातं, रेघा पुसतात. पुन्हा विनवतो, तो पत्रा या पत्राच्या गाडीवाल्याबरोबरच धाडा. त्याला मी थांबायला सांगितलं आहे. सोबत धुरावलेली डुकराची मांडी पाठवली आहे, दादांना द्यावी.

आपला,
टोबियास

•

आउग्सबुर्ग, २८ ऑक्टोबर १६३६

टोबियास,

भावोजी म्हणायचं आता संपलं. मांडी मी बुरुजावरच्या पहारेकऱ्यांच्या कुत्र्याला घातली. त्यानं खाल्ली, तो काही तुला ओळखत नाही.

तुझं पत्र वाचून मी न्यायाधीशाकडे जायला निघालेच होते. खोटं कशाला बोलू? तक्रार लिहून झाली होती. शाल घेतली, दार उघडलं, तर पायरीवर मेल्खियोर मास्तर. अंगात नुसता सदरा, कोट नाही, ओठ निळे.

म्हणाला, "सिबिलाबाई, पाणी ओतायचं असेल तर आधी ओता, मग बोलू. मधे नको, कागद भिजेल."

"कसला कागद?"

"ज्याच्यासाठी तुम्ही मला गाढव केलंत तो. फेरीवाल्याकडे सुयांच्या खाली दडवलेला होता. हिवाळ्याचा कोट दिला तेव्हा त्यानं दिला." आणि आत येऊन त्यानं तो टेबलावर आपटला. मास्तरला आपटता येतं हे मला माहीत नव्हतं. "वाचा! ही ओळ वाचा!"

"मला कवितेतलं कळत नाही."

"मग ऐका! या ओळीला वृत्ताचा एक पाय कमी. हिला दोन जास्त. ही तर मधेच आडवी झालीय. आठ वर्षांच्या पोरानं असं लिहिलं तर मी त्याला भिंतीकडे तोंड करून उभा करतो. आणि तुम्ही गावभर सांगता हे मी लिहिलं? गाढव म्हणा, बाई. गाढव चालेल. पण हे?"

तो ओरडत होता आणि मी चित्र बघत होते. पहिल्यांदाच बघत होते. टोबियास, मी हसले. तुझं एवढं देणं मान्य करते. राप्पाख खुर्चीत बसलेला, नाक दुभंगलेलं, तोंडातून गाईची शेपटी लोंबतेय, वाडग्यात घंटेसकट चर्चचा मनोरा, आणि खुर्चीमागे एक बाई रिकामं भांडं घेऊन उभी. खोटं काहीच नाही त्यात. त्या बाईच्या जागी मी सहा महिने उभी आहे. मी हसले, आणि मास्तरही चिडता चिडता हसायला लागला.

मग माझं लक्ष चमच्याकडे गेलं.

चमचा डाव्या हातात. तलवार उजव्या कमरेला. कोटाची बटणं उलट्या अंगानं लावलेली. राप्पाख डावखुरा नाही; त्याच्या उजव्या हाताची चपराक मी खाल्ली आहे. मी बटणं मोजली. अकरा. वरून चौथं तुटून उडालेलं, हवेत.

मी मास्तरला म्हटलं, "पिंपाला हात लावा."

दोघांनी मिळून दगड काढला, फळी काढली, पत्रा काढला. धुतला, पुसला, शाई भरून एक कागद छापला. यंत्राचा एक पाय शिपायांनी मोडलाय, त्या जागी मास्तरनं खांदा दिला. आणि तो कागद आरशासमोर धरला. टोबियास, आरसा! जो ठेवायला तुला वेळ नव्हता! आरशात ह्यांचा खादाड आणि टेबलावर तुझा राप्पाख, बटणाला बटण, सुरकुतीला सुरकुती. फक्त डोकं बदललेलं, वाडग्यात मनोरा घातलेला आणि तोंडातल्या सॉसेजची शेपटी केलेली. भावाचा जुना कागद घेतलास, थेट तांब्यावर चिकटवलास, रेघेवरून रेघ ओढलीस, आणि छापल्यावर सगळं जग डावखुरं झालं. वीस वर्षांत काडीचं शिकला नाहीस.

तरी मनात म्हटलं, असेल दुसरा कुणी आळशी. आळशांचा दुष्काळ नाही. मग खुर्चीच्या पायाशी पाहिलं. ह्यांच्या प्रत्येक चित्रात, सावलीच्या फराट्यांत, एक गोगलगाय असते. एवढीशी, तांदळाच्या दाण्याएवढी. कुणाला माहीत नाही, तुलाही नाही, मामंजींनाही नव्हती. ती माझ्यासाठी असते. मी गोगलगाय म्हणते म्हणून. प्रत्येक नव्या पत्र्यावर मी ती शोधायची आणि सापडली की ह्यांच्या टाळूवर टिचकी मारायची, असा आमचा खेळ आहे. आता हसायचं असेल तर हस.

तुझ्या राप्पाखच्या खुर्चीखाली ती आहे. तोंड उलट्या बाजूला. तुला काय वाटलं, पाव पडलाय? भावाची एवढी खासगी गोष्ट चोरलीस आणि चोरली हेही तुला कळलं नाही.

पण चोरी मी गिळली असती. सगळेच एकमेकांचं चोरतात, धंदाच तसा आहे. नाव का घातलंस? मी दोन रात्री तेवढंच विचारत होते. मग फेरीवाल्याला गाठलं, ज्याच्या अंगावर आता मास्तरचा कोट आहे. तो म्हणाला, "मावशी, न्यूर्नबर्गच्या टोबियासच्या नावानं कागद कुणी उचलत नाही. खाली आउग्सबुर्गचा जेरेमियास दिसला की आपोआप हात पुढे होतो." एवढंच? एवढ्यासाठी? म्हणे तू त्याला असंही बोललास, की राप्पाखची पलटण ऱ्हाईनकडे जायची आहे, आउग्सबुर्गला परत येत नाही. बातमी चुकली तुझी. चूक माणसाकडून होते. पण मग तू काय केलंस? मला मास्तरचं नाव दिलंस. आणि मग म्हणालास, एक हात हवा आहे, कुणाचाही चालेल.

मी तुझं ऐकून एका निरपराध माणसाचं घर मोडलं. ते गाढव माझ्या हातचं आहे, ते मी तुझ्यावर ढकलत नाही. नखांनी सगळे कागद खरवडून काढले. सोळा घरी जाऊन सांगितलं, मी चुकले, पोरांना शाळेत धाडा. अकरा आली. बाकी पाच घरांत अजून जाते आहे. एका बाईनं मला हाकललं, बरोबर केलं. मास्तरला ह्यांचा कोट दिला. त्याला तो आखूड होतो.

मग दोन्ही कागद आणि खादाडाचा पत्रा घेऊन न्यायाधीशाकडे गेले. वाळकुड्यानं आरसा मागवला, चश्मा लावला, बराच वेळ बघितलं. मग म्हणाला, "बाई, नक्कल आहे हे कळलं. पण नक्कल तुमच्या नवऱ्यानं स्वतःच केली नाही हे यातून कळत नाही. दुसरा पत्रा कुठे आहे?" मी म्हटलं, न्यूर्नबर्गला. तो म्हणाला, "तिथे आमचा हुकूम चालत नाही. आणणाऱ्यानंच आणला पाहिजे."

म्हणून हे पत्र. सोबतचा कागद नीट उलगडून बघ. रेजिनाला दाखवू नकोस, तिच्या पोटात मूल आहे. तांबं मिळत नाही, म्हणून मी खादाडाच्या पत्र्याच्याच पाठीवर कोरलं. तेरा दिवस लागले असते, मी सहात केलं, मी काही गोगलगाय नाही. तो टेबलाशी बसलेला तू. हनुवटीवरचा मस तुझा, केसाळ टोपी तुझी, खालचा लोंबता ओठ तुझा. टेबलावर भावाचा उजवा हात मनगटापासून कापून ठेवलाय आणि तू त्यावर कोरणीनं आपलं नाव कोरतो आहेस. कोरणी तुझ्या डाव्या हातात आहे. मी मुद्दाम आरसा ठेवला नाही. तुमच्या गल्लीत ते बघताच सगळे म्हणतील, हा तर टोबियासचाच कारभार.

मास्तरला म्हटलं, खाली कविता द्या. तो म्हणाला, "कविता कशाला? त्यानं तुमच्या नवऱ्याचं नाव घातलं, तुम्ही त्याचं घाला." म्हणून खाली फक्त नाव आहे. पूर्ण. गल्लीसकट, दुकानाच्या पाटीसकट.

चारशे छापले आहेत. पिंपाशेजारी वाळत टांगलेत. तुझी चारशे तोंडं माझ्याकडे बघत असतात, मी स्वयंपाक करते.

आता ऐक. मी तुझा हात मागत नाही. तुझ्या शहरात राप्पाखचा हुकूम चालत नाही, तुझ्या केसालाही धक्का लागणार नाही, न्यायाधीशानंच सांगितलं. मला राप्पाखचा पत्रा हवा, आणि तुमच्याकडच्या शपथा नोंदवणाऱ्या वकिलासमोर घेतलेली तुझी शपथ, सहीशिक्क्यानिशी: हा मी कोरला, जेरेमियासनं नाही, नाव मी घातलं. हे पत्र आणणारा माणूस तुझ्या दुकानाच्या पायरीवर बसून राहील. त्याच्या हातात दे. एवढं केलंस तर चारशे कागद मी तुझ्या नावानं चुलीत घालते. पत्रा घालणार नाही. तो पुन्हा पिंपात जाईल, कोबीवर, तुझं तोंड खाली करून. जन्मभर तिथं राहील, आणि दर हिवाळ्याला मी तो काढून धुऊन रेघा शाबूत आहेत ना ते बघीन.

केलं नाहीस, तर मार्टिनच्या सकाळी फेरीवाला निघेल. त्याला मी सुया फुकट दिल्या आहेत. दोनशे तुमच्या बाजारात, शंभर तुझ्या चर्चच्या दारात, पन्नास त्या कारागीर मंडळींकडे ज्यांच्या पंगतीत तू बसतोस. उरलेले राप्पाखच्या पलटणीत. आज त्याचा हुकूम तिथे चालत नाही. पलटणी फिरत असतात, टोबियास. तूच तर म्हणाला होतास ना, ती ऱ्हाईनकडे जाते, परत येत नाही?

आणि ह्यांचा हात वाचला तर पहिलं चित्र राप्पाखचंच होणार. मी ह्यांना सांगितलंय. उजव्या हातात चमचा. नाव कुणाचंच नाही.

"तुमच्याकडे मार्टिन अजून आला नव्हता" असं मला मागाहून लिहू नकोस. तुमचा मार्टिन आमच्यानंतर दहा दिवसांनी येतो. त्याची वाट बघत बसलास तर तोवर तुझ्या भावाचा हात बाजारात खिळ्यावर असेल. आमचा धर. पत्रा आणि शपथ दहा नोव्हेंबरला संध्याकाळी वेशीचे दरवाजे बंद व्हायच्या आत माझ्या टेबलावर हवीत. तुझ्या भिंतीवरच्या कॅलेंडरात त्या दिवशी एकतीस ऑक्टोबर असेल. त्यावर खूण कर. उजव्या हातानं.

सिबिला क्रेम्प